महाराजांना गार वाटेना

"तळमजल्यावरची सगळी दुकानं पाडा! एसी तिथं बसेल!"

झुंजारराव महाराजांनी हुकूम सोडला आणि तापणगडच्या नव्या बाजार-इमारतीत एकच गलका झाला. दुकानं गार राहावीत म्हणून एसी घ्यायचा, आणि एसी मावावा म्हणून दुकानंच पाडायची! राज्यकारभार म्हणतात तो हाच.

खरं तर पहिलाच एसी चांगला होता. लहानसा, छतात बसवलेला. तो चालू झाला तेव्हा दुकानदार म्हणाले, "झकास गारवा आहे!" पण दुकानदारांना एसी-निवड समितीत घेतलेलं नव्हतं. समितीत होते प्रधान अच्युतराव, त्यांचा मेहुणा आणि मेहुण्याचा मित्र. तिघंही सरकारी खर्चानं थंड हवेच्या डोंगरावर राहून उकाड्याचा अभ्यास करून आले होते.

चाचणीला महाराज स्वतः आले. तापणगडची रीत अशी, की महाराज जातील तिथं त्यांचा सत्कार करायचा. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल. आणि प्रजेनं अंगावर घातलेली शाल राजानं नुसती काढून ठेवायची नाही. काढलीच तर ती कुणाला तरी बक्षीस द्यायची. समितीत माणसं तीन, म्हणून शाली तीन! भर वैशाखात जरीच्या अंगरख्यावर त्या पांघरून महाराज आसनावर बसले आणि कपाळ पुसत म्हणाले, "छे! या एसीत दम नाही."

दलाल वामनरावांनी दुप्पट मोठा एसी आणला. पुन्हा सत्कार, पुन्हा शाली. दुकानदार कुडकुडले, महाराज म्हणाले, "छे!" मग चौपट मोठा आला. दरवेळी प्रधानांची मान आनंदानं डोलायची. का डोलायची, ते तापणगडात न विचारताच सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी समितीनं एवढा मोठा एसी पसंत केला, की तो ठेवायला अख्खा तळमजला लागणार होता.

त्याच तळमजल्यावर सगुणा कासारणीचं बांगड्यांचं दुकान होतं. जुना बाजार पाडला तेव्हा दुकानाच्या बदल्यात मिळालेलं. आता हेही गेलं, तर ऐन लग्नसराईत टोपली डोक्यावर घेऊन उन्हात दारोदार फिरायचं!

पाडापाडीचा नारळ फोडायला महाराज आले. सत्कार झाला, शाली चढल्या, आणि सगुणा पुढं झाली.

"सरकार, छतातला तो लहान एसी तुम्हाला पुरेल!"

"पुरला असता तर मी घामाघूम झालो असतो का गं?"

"त्यात एसीचा दोष नाही, सरकार."

"राजद्रोह!" प्रधान ओरडले. "ही दोष महाराजांना देते!"

"मी तर कुणाचं नावच घेतलं नाही, प्रधानजी. तुमच्या मनात महाराजच कसे आले?"

महाराज मिशीत हसले. पण हट्टी माणूस! आसनावर ठाण मांडून म्हणाले, "ऐक! मी इथून हलणार नाही. एसीचं बटण फिरवायचं नाही. दार-खिडकी उघडायची नाही. सत्काराची रीत मोडायची नाही. एवढं सांभाळून माझ्या तोंडून 'गार वाटलं' असं वदवून दाखव. जमलं तर दुकानं राहतील. नाही जमलं, तर पहिला घाव तुझ्या दुकानावर!"

"कबूल!"

लहान एसी चालू झाला. महाराज घाम पुसू लागले. सगुणानं हात जोडले.

"सरकार, एका माणसावर अन्याय झालाय. एसीपायी सगळ्यांत जास्त धावपळ केली वामनरावांनी. आणि सत्कार मात्र एकट्या तुमचा? त्यांना एक शालसुद्धा नाही?"

"अहो, कशाला, कशाला!" असं म्हणत वामनराव दोन पावलं पुढं आले.

"खरंच की!" महाराजांनी खांद्यावरची शाल काढून वामनरावांना पांघरली.

"ही पहिल्या एसीची झाली. आणि दुपटीच्या?"

दुसरी शाल गेली.

"आणि चौपटीच्या?"

तिसरीही गेली. वामनराव आनंदानं फुलले.

"आणि तळमजलाभर एसीला काय द्यायचं, सरकार? तिथं शाल फारच लहान दिसेल हो!"

महाराजांना आता औदार्याची चटक लागली होती. त्यांनी जरीचा अंगरखा उतरवला, वामनरावांच्या अंगात घातला आणि वर स्वतःचा फेटाही त्यांच्या डोक्यावर बसवला. मग नुसत्या मलमलीच्या सदऱ्यानिशी आसनावर टेकून त्यांनी पाय पसरले.

"आहाहा! काय गार वाटलं!"

महाराजांनी जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

"फसवणूक!" प्रधान किंचाळले. "हिनं बटण फिरवलंय!"

"आमच्या डोळ्यांदेखत?" महाराज गरजले. "सगुणा, ही काय जादू आहे?"

एवढ्यात फेट्याखालून क्षीण आवाज आला. वामनरावांच्या नाकावरून घाम ठिबकत होता. "महाराज... फार उकडतंय हो!"

"बघा सरकार, जादू कसली! एसी तोच, जागा तीच. तुमच्या अंगावरचा उकाडा यांच्या अंगावर गेला, एवढंच! आता यांना गार वाटेपर्यंत प्रधानजी एसी वाढवत बसले, तर वरचा मजलाही पाडावा लागेल!"

महाराज खो खो हसत सुटले. हसताना आसन हललं, दुकानदार हसले, समितीतला मेहुण्याचा मित्रसुद्धा हसला. हसले नाहीत ते फक्त प्रधान आणि वामनराव.

"लहान एसीच राहील!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि सगुणा, तुला तुझं दुकान बक्षीस दिलं!"

"ते तर माझंच होतं, सरकार. माझंच मला देऊन वर बक्षीस म्हणायचं?"

प्रधानांनी कानांवर हात ठेवले. महाराज मात्र आणखी मोठ्यानं हसले, तसेच सदऱ्यावर उठले आणि तिच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले.

"राजकन्येच्या लग्नात अख्ख्या राजवाड्याला चुडा तूच भरायचास! काढ बघू, हिरव्यात काय काय आहे?"