मोजणीत न धरलेली सात माणसं

खूप जुन्या काळी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात तापाची साथ आली. राजवैद्य सोमदेवांनी एका मुळीचा काढा शोधला आणि नदीकाठच्या गावात तो देऊन पाहिला. काढा घेणाऱ्या वीस जणांपैकी अठरा बरे झाले. न घेणाऱ्या वीस जणांपैकी अवघे नऊ.

राजा हरखला. काढ्याचे रांजण बैलगाड्यांवर चढू लागले. पण एक म्हातारी सुईण, गिरजाआई, त्याच गावात रोग्यांची सेवा करून नुकती परतली होती. राजाने तिला बोलावलं. "वैद्यांनी पारख कशी केली, तेवढं विचारून घे."

सोमदेवांना ते रुचलं नाही. तरी ते बसले.

"काढा कुणाला द्यायचा हे कुणी ठरवलं?" गिरजाआईने विचारलं.

"मीच. ज्यांच्या अंगात तो पचवायची ताकद दिसली, त्यांना दिला."

"म्हणजे धडधाकट माणसं काढ्याकडे आली, खंगलेली दुसऱ्या बाजूला राहिली. आणि कोण बरं झालं, हे कुणी पाहिलं?"

"तेही मीच. दुसऱ्या कुणाला त्यातलं काय कळणार?"

"वैद्यबुवा, तुम्ही वीस म्हणता. गावातल्या बायका काढा घेतलेल्यांची सत्तावीस नावं सांगतात."

"सात जणांनी मधेच सोडला. त्यांना धरलं नाही."

"का सोडला?"

सोमदेवांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

दोघं लगेच गावी गेले. त्या सातांपैकी पाच जण मेले होते. एका अंगणात एक बाई डाळ निवडत होती. वैद्यांना पाहून ती उठली नाही.

"काढा पोटात ठरतच नव्हता," ती म्हणाली. "ओकून ओकून माझ्या माणसानं प्राण सोडला. मी निरोप पाठवला होता. तुमचा शिष्य म्हणाला, ज्यानं औषध सोडलं तो आता आमच्या मोजणीत नाही."

तो नियम सोमदेवांनीच घालून दिला होता. बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो न घेताच ते राजधानीकडे निघाले.

राजधानीत परतून त्यांनी सगळं राजाला सांगितलं. पण तोवर तीन गाड्या निघून गेल्या होत्या. स्वारांनी दोन गाठल्या. तिसरी पोचली होती, आणि त्या गावात काढा पिऊन आणखी चार जण दगावले.

पुढल्या वर्षी सोमदेवांनी दुसरी मुळी आणली. या वेळी औषध कुणाला द्यायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. बाकीच्यांना त्याच रंगाचा, त्याच चवीचा, पण ती मुळी नसलेला साधा काढा मिळाला. कुणी काय प्यायलं हे रोग्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांना तपासणाऱ्या गिरजाआईलाही नव्हतं. मधेच सोडणाऱ्यांच्या घरीही माणूस जाऊन आला, आणि त्यांनाही मोजणीत धरलं.

दोन्हीकडे सारखेच जण बरे झाले; औषध निरुपयोगी निघालं. सोमदेवांनी भर दरबारात तसं सांगितलं, आणि त्या मुळीची एकही गाडी भरली गेली नाही.

बोध: उपायाने किती जण बरे झाले हे ऐकण्याआधी, त्याची पारख कशी झाली आणि त्यातून कुणाला वगळलं, हे विचारावं.