सही करायला माणूस नाही

“अजून काय द्यायचं राहिलंय, बुवा? तुम्हीच सांगा.”

अच्युतबुवा मोड आलेले वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सातातल्या तीन जागा दिल्या. रान दिलं, पाणी दिलं. बंदुका एका कोठारात, त्याला दोन कुलपं, एक किल्ली त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. याउपर द्यायचं तर आम्ही सगळ्यांनी गाशा गुंडाळून काशीला जावं, तेवढंच बाकी आहे.”

“वाल सोलायला बस,” बुवा म्हणाले.

बोलत होता तो सदानंद, अंबरखोऱ्याचा कारभारी. लहानपणी याच मठात, याच ओसरीवर त्यानं बुवांच्या हाताखाली अक्षरं गिरवली होती. तो मुकाट्यानं बसला.

खोऱ्यात तेव्हा सात पंचांचं सरकार होतं. त्या सरकारचा जीव तोळामासा. निम्मे शिपाई रजा घेऊन गेले ते परतलेच नव्हते. वर डोंगरात तीनशे बंदुका होत्या, आणि त्या धरणारे हात याच खोऱ्यातल्या घरांमधून गेलेले होते. अकरा वर्षं दोघं एकमेकांची माणसं मारत होते. आता दोघंही थकले होते, पण कबूल कोण करणार? म्हणून महिनाभराचा तह झाला. तो उद्या सूर्यास्ताला संपत होता.

वाटाघाटी सदानंदाकडे आल्या. त्याच्याइतकी काटेकोर कलमं लिहिणारा माणूस खोऱ्यात दुसरा नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याला जरा जास्तच माहीत होतं. त्यानं बारा कलमांचा करार तयार केला. करार तीनदा वर गेला. तीनदा सहीवाचून खाली आला.

सदानंदानं वाल चिमटीत धरून दाबला. त्याचे दोन तुकडे झाले.

“हळू,” बुवा म्हणाले.

“हळूच तर घेतोय! महिना झाला, हळूच घेतोय. ते मात्र ताकास तूर लागू देत नाहीत.”

“निरोप काहीच नाही?”

“पहिल्या दोनदा नाही. आज सकाळी आला.” सदानंदानं कागद पुढे केला. “म्हणे, कलमं मान्य आहेत. सही करायला माणूस नाही.”

बुवांचा हात थांबला.

“तीनशे माणसं आहेत वर! आणि म्हणे माणूस नाही. चौथी जागा उकळायचा डाव आहे हा, बुवा. मी ओळखतो ना त्याला...”

“कुणाला?”

“त्यांच्या म्होरक्याला.”

“हं.” बुवांनी हात पुसले. “वाच बघू, सही कुठं करायची ते.”

सदानंदानं करार उलगडून वाचलं. “येथे खोऱ्यातर्फे सदानंद विश्वनाथ, कारभारी. येथे डोंगरपक्षातर्फे, त्या पक्षाचे प्रमुख.”

“प्रमुखाचं नाव?”

“हुद्दा पुरतो, बुवा.”

“तुझं नाव आहे.”

“माझं असणारच.”

“त्याचं का नाही?”

सदानंदानं कराराची घडी घातली. मठाच्या पायथ्याशी नदी वाहत होती. अलीकडे सरकारचा पहारा, पलीकडे डोंगराचा. मठात मात्र दोन्हीकडची माणसं हत्यार बाहेर ठेवून येत. ऐन दुपार होती, आणि आज कुणीच आलं नव्हतं.

“नाव काय रे त्याचं?” बुवांनी विचारलं, जणू त्यांना माहीतच नव्हतं.

“बुवा, तुम्हाला ठाऊक आहे. ते नाव सरकारी कागदावर येत नाही. तसा नियम आहे.”

“कुणाचा?”

“...माझा.”

तो नियम असा होता. डोंगरात माणसं जाऊ लागली, त्या पहिल्या वर्षी सरकारनं फर्मान काढलं: ज्या घरातला माणूस वर गेला, त्या घरानं महिन्याच्या आत त्याचे दिवस घालावेत. पळसाच्या पानांचा पुतळा करावा, घाटावर त्याला अग्नी द्यावा, दहाव्याला पिंड ठेवावा. जे घर हे करणार नाही, ते बंडखोरांचं समजलं जाईल. बेचाळीस घरांनी पुतळे जाळले. जिवंत माणसांच्या नावानं बेचाळीस घरांनी आंघोळी केल्या. त्यांची नावं पटावरून उडवली गेली.

फर्मानाचा मसुदा सदानंदाचा होता. आणि पहिला पुतळाही त्याच्याच घरचा होता. त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. त्याच वर्षी तो कारभारी झाला.

“कलमं मान्य आहेत, सही करायला माणूस नाही...” बुवांनी तो निरोप सावकाश पुन्हा म्हटला. “खोटं काय आहे यात? तुझ्या पटावर आहे का तो माणूस?”

सदानंदाचा चेहरा उतरला. महिनाभर त्यानं त्या एका ओळीचा कीस पाडला असता, पण हा साधा अर्थ त्याला शिवला नसता. हुशार माणसाचं असंच असतं. समोरच्याच्या पोटात शिरायला तो इतका उतावीळ असतो की समोरच्यानं तोंडानं सांगितलेलं त्याला ऐकू जात नाही.

तो म्हणाला, “बुवा, एक सांगू? आजवर कुणाला बोललो नाही.”

बुवांनी वालाची परात बाजूला सरकवली.

“दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना. सगळा गाव उभा होता. भटजी म्हणाले, त्याची काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. मी म्हटलं, आईला सांभाळीन. कावळे झाडावर बसून राहिले. मी म्हटलं, शेतातला त्याचा वाटा मोडणार नाही. एक हलला नाही. लोक कुजबुजायला लागले. पंच घामाघूम झाले. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला.”

“हं.”

“सगळ्यांना वाटलं, माझं तोंड दुःखानं उतरलंय...” त्यानं हातातली सालं खाली टाकली. “मला आनंद झाला होता, बुवा. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी मनात म्हणत होतो, नका येऊ रे, नका शिवू. तो जिवंत आहे हे तुम्हाला तरी कळलंय. कावळ्यांना कळतंय, आणि मी...”

वालाची सालं वाऱ्यानं ओसरीवर पसरली. कुणी गोळा केली नाहीत.

“आईनं आंघोळ केली नाही,” सदानंद म्हणाला. “म्हणाली, माझं लेकरू डोंगरावर भाजीभाकरी खात असेल, मी कशाला डोक्यावरून पाणी घेऊ? चार वर्षांनी ती गेली. तेव्हा नदीपलीकडे दिवसभर एक माणूस उभा होता म्हणतात. मी बघायला गेलो नाही. माझी छाती झाली नाही.”

“आठवण येते?”

“रोज.” हे त्यानं पटकन सांगितलं, विचार न करता. “जेवताना येते. तो भाताला मध्ये खड्डा करून आमटी ओतायचा, आणि बांध फुटला की हसायचा. माझ्या ताटात कधी बांध फुटला की मी आजही वर बघतो, बुवा. कोण हसतंय म्हणून... मला तो परत हवाय. जागा गेल्या खड्ड्यात. सात काढून घेतल्या तरी हरकत नाही.”

हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं. तो स्वतःच दचकला.

बुवांनी लोटाभर पाणी पुढे केलं. तो गटागट प्याला.

आणि पाणी पोटात गेल्याबरोबर त्याच्यातला कारभारी पुन्हा उठून बसला. त्यानं बोरू काढला, एक कोरा कागद मांडीवर घेतला.

“कळलं मला काय करायचं ते! तेरावं कलम घालतो. दिवस घातलेला माणूस घरी परतला तर आपल्याकडे रीत आहेच. त्याला दारातून आत घेत नाहीत. आधी न्हाऊ घालायचं, पाळण्याला हात लावायचा, घरातल्या वडीलधाऱ्यानं कानात नवं नाव सांगायचं. म्हणजे तो नव्यानं जन्मला. मग उंबरा ओलांडायचा. बेचाळीस जणांचं बारसं करू. एकाच दिवशी, चावडीपुढे. बेचाळीस पाळणे मांडू. नावं पुन्हा पटावर चढवू. माझ्या घरात आता मीच वडीलधारा, त्याचं नाव मी ठेवीन. तेच नाव ठेवीन, जुनं. झालं! सही करायला माणूस तयार.”

तो भराभर लिहू लागला. ‘कलम तेरा. परत येणाऱ्यांचा पुनर्जन्म सरकारमान्य रीतीने...’

बुवा एकटक त्याच्याकडे बघत राहिले.

“काय झालं?” सदानंदानं बोरू थांबवला. “चुकलं काही?”

“सदू, त्या दिवशी तो कुठं होता?”

“कोणत्या दिवशी?”

“पुतळा जाळलास त्या दिवशी.”

“वर. डोंगरात.”

“भाकरी खात होता म्हण, किंवा झोपला होता म्हण. पण धडधाकट होता?”

“होता.”

“त्याला चटका बसला?”

“नाही...”

“मग घाटावर जळलं ते कोण?”

बोरूच्या टोकाची शाई कागदावर टपकली, आणि ‘सरकारमान्य’ या शब्दावर पसरत गेली. सदानंदानं ती टिपली नाही.

सूर्य ओसरीच्या कडेवरून सरकला. पलीकडच्या पहाऱ्यानं कुणाला तरी हाळी दिली, आणि अलीकडच्यानं तिला ओ दिली. पहाऱ्यावरची माणसं अधूनमधून अशी एकमेकांना हाका मारत. तहात तसं कलम नव्हतं.

मग त्यानं तेरावं कलम लिहिलेला कागद फाडला. बारा कलमांच्या खाली, सहीच्या जागेवरचा ‘प्रमुख’ हा शब्द खोडला आणि त्याच्या वर लिहिलं: मुकुंद विश्वनाथ. अक्षरं वेडीवाकडी आली, त्यानं या ओसरीवर पहिल्यांदा काढलेल्या अक्षरांहून वाईट.

“मुकुंदा,” तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते ऐकायला बुवांशिवाय कुणी नव्हतं, तरी त्याचे डोळे भरून आले.

“कागद धाडू का वर?”

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

“मीच जाऊ?”

बुवा पुन्हा वाल सोलू लागले.

सदानंद उठला. कमरेची कारभाराची मोहर त्यानं काढली, क्षणभर हातात धरली, आणि मठाच्या कोनाड्यात ठेवली. उपरण्यात करार गुंडाळला. बरोबरच्या दोन शिपायांना अलीकडच्या काठावरच थांबायला सांगितलं. पायऱ्या उतरून तो पाण्यात शिरला. पाणी घोट्याला लागलं तेव्हा तो वळला. आता तो कारभारी दिसत नव्हता. धडा पाठ न करता शाळेत निघालेला पोर दिसत होता.

“बुवा! त्यानं दारात उभं केलं नाही तर?”

“नदीत उभा राहा.”

“आणि उभं केलं तर? मी काय म्हणू? कोण म्हणून जाऊ? कारभारी म्हणून गेलो तर तो गोळी घालेल. भाऊ म्हणून गेलो तर... भाऊ म्हणायला मला तोंड कुठं आहे?”

बुवांनी सोललेला वाल परातीत टाकला. त्याचे तुकडे झाले नव्हते, तो अखंड होता. त्यांनी दुसरा उचलला.

“आधी त्याच्यापुढे कान कर,” ते म्हणाले. “आणि तो तुझं नाव काय ठेवतो, ते मला येऊन सांग.”