कमळजेचा दगडी हात

एका राज्यात सात डोंगरांच्या कुशीत एक महासरोवर होते, आणि ते अडवून धरणारा प्रचंड बांध होता. बांधाखाली नगर वसले होते. बांध राखायला तीन कारखाने होते : लोहारांचा, दोर वळणाऱ्यांचा आणि पाथरवटांचा. तिन्ही मिळून नऊशे माणसे. पण त्या नऊशेंत आपल्या कामातली चूक कोणी कोणाला सांगत नसे.

त्याचे कारण असे. राजा विजयध्वजाच्या पित्याने एकदा कारागिरांना वचन दिले होते, की चूक स्वतःहून सांगेल त्याला अभय. हरबा पाथरवटाने विश्वासाने एक चूक सांगितली. पण त्याच राजाने त्याला भर दरबारात चाबकाने फोडून काढले. हरबाचा गुरू भस्मांग मांत्रिक होता. तो कोपून म्हणाला, "राजा, तुला चूक ऐकवत नाही? मग ती तुला यापुढे ऐकू येणारच नाही. या राज्यात चूक कबूल करील तो दगड होईल!" हरबा अजून आपली चूकच बोलत होता. तो जागच्या जागी दगड झाला. लोकांना धाक राहावा म्हणून राजाने तो पुतळा राजवाड्याच्या दारात उभा केला.

वर्षे लोटली. विजयध्वज गादीवर आला. सरोवराचे पाणी चढत चालले होते. पाणी सोडायला बांधाचा दरवाजा उघडा, अशी फर्माने सुटली. कारखान्यांनी "जी" म्हटले, आणि दरवाजा तसाच राहिला. तीन कारभारी आले, तीन गेले. चौथी आली कमळजा.

पहिल्याच सकाळी ती बांधावर चढली. तिथे एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "बाई, आत भेग आहे. पौर्णिमेला बांध फुटेल."

"मग आजच हुकूम काढते."

"हुकूम पुष्कळ झाले. तिन्ही कारखान्यांच्या प्रमुखांना विचार, त्यांना काय हवे आहे."

कमळजा लोहारांकडे गेली. त्यांचा प्रमुख गंभीरा थंड भट्टीपाशी बसला होता. तो म्हणाला, "आमच्या भात्यातला वारा मागच्या कारभाऱ्याने शिक्षा म्हणून तांब्याच्या घागरीत कोंडला. आणून द्याल?"

"परवापर्यंत देईन."

आणि परवा तिने राजवाड्याच्या माळ्यावरून घागर आणली. झाकण काढताच वारा भात्यात शिरला, भट्टी धडधडून पेटली. गंभीऱ्याने तिला बसायला पाट दिला.

मग ती दोरवाल्यांकडे गेली. तिथे लाडाक्का प्रमुख होती. लाडाक्का म्हणाली, "भर दुपारी आमचे दोर घटकाभर साप होतात. राजवाड्यातले कोणी इथे पाऊल टाकत नाही. एक दिवस आमच्यात बसून दोर वळशील, बाई?"

कमळजा बसली. दुपारी तिच्या मांडीवरून साप सरपटत गेले. तिचे ओठ पांढरे पडले, पण ती उठली नाही. घटका सरली, सापांचे दोर झाले. लाडाक्काने आपल्या भाकरीतली अर्धी तिच्यापुढे सरकवली.

शेवटी ती पाथरवटांकडे गेली. त्यांचा प्रमुख दौलू हा हरबाचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "माझ्या भावाला त्या दारातून घरी आणा. दुसरे काही नको."

"आणते," कमळजा चटकन म्हणाली.

पण तिने विचारल्यावर राजाने नकारार्थी मान हलवली. "तो पुतळा माझ्या पित्याने ठेवला आहे. हलणार नाही."

पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. बांधातून पाण्याचा बारीक फवारा उडू लागला, तेव्हा कारागीर बांधापाशी जमले. कमळजा सर्वांदेखत दौलूपुढे उभी राहिली. शाप तिला ठाऊक होता. 

"दौलूदादा, मी तुमच्या भावाला आणू शकले नाही. राजाला विचारण्याआधीच मी शब्द देऊन बसले. ती माझी चूक."

तिचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत दगड झाला, आणि दगड हळूहळू वर चढू लागला.

 राजवाड्यातून आलेल्या माणसाने चूक कबूल केलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती. दौलू त्या दगडी हाताकडे पाहत राहिला. मग पुढे झाला.

"भेग मला वर्षभरापासून माहीत आहे. मी वरून चुना फासला." त्याचा हात दगड झाला.

"दरवाजाचा दोर मधोमध कुजला आहे. मी नवा रंग दिला," लाडाक्का म्हणाली. तिचाही हात गेला.

"दरवाजा उचलणाऱ्या रहाटाची खीळ तडकली आहे, मी ते लपवले," गंभीरा म्हणाला. "म्हणूनच आम्ही दरवाजाला हात लावत नव्हतो." त्याचाही हात दगड झाला.

भारद्वाज उडाला तो थेट दरबारात. "राजा, तुझी माणसे खरे बोलत आहेत आणि दगड होत आहेत. तू बसून राहणार?"

विजयध्वज अनवाणी धावत बांधावर आला. चार दगडी हात त्याने पाहिले. कारागिरांपुढे मुकुट उतरवून तो म्हणाला, "वचन माझ्या पित्याने मोडले. पण पुतळा दारात तसाच राहू दिला तो मी. तुम्ही मला भ्यावे, असे मला वाटत होते. चूक माझी आहे."

सारे त्याच्या हातांकडे पाहू लागले. हात मांसाचेच राहिले. शापाची गाठ राजाच्या न ऐकण्यात होती; राजानेच चूक कबूल करताच ती सुटली. कमळजेची बोटे हलली. लाडाक्का रडू लागली. आणि नगराच्या वाटेने, अंगावरची धूळ झटकत, हरबा चालत आला. दौलूने त्याला मिठी मारली ती सोडवेना.

पण पाणी थांबले नव्हते. आता काय मोडले आहे ते सर्वांना ठाऊक होते. गंभीऱ्याने नवी खीळ घडवली, लाडाक्काने नवा दोर वळला, दोघा भावांनी दरवाजाची शिळा सोडवली. पौर्णिमेच्या सकाळी नऊशे माणसांनी रहाट फिरवला. दरवाजा उघडला, पाणी कालव्यातून खळाळत निघाले, आणि दुपारपर्यंत भेग कोरडी पडली. बाया बांधावरच पाय पसरून बसल्या. कोणीतरी उगाच हसू लागले, मग सगळेच हसले.

पुढे एके दिवशी दोरवाल्यांतली एक बाई धापा टाकत कमळजेकडे आली. "कारभारीणबाई, माझ्याकडून एक चूक झाली."

कमळजेने तिला पाण्याचा तांब्या दिला. "बैस. आधी पाणी पी. मग सांग, आपण बघू."

बाई बसली, पाणी प्याली आणि सांगू लागली.