वेशीवरून आलेली हाक

मुळा नदीच्या काठी सोनगिरी नावाच्या लहानशा गावात शांतवनबाबा नावाचे ख्रिस्ती सत्पुरुष राहत असत. गावाबाहेर गवताने शाकारलेले प्रार्थनामंदिर, हाती एकतारी आणि मुखी प्रभू येशूचे नाव. दुःखी जिवाने त्यांच्या दारी यावे आणि हलके होऊन परतावे, अशी त्यांची ख्याती!

बाबांच्या भक्तांत रूथबाई नावाची एक विधवा होती. लोकांच्या गोधड्या शिवून ती पोट भरी. स्वभाव इतका भित्रा की कुत्रे भुंकले तरी दचके. गावचे दौलतराव पाटील चावडीवरून तिला टोमणा मारत, "काय गं रूथे, तुझा देव तुला कुत्र्यापासनं वाचवीना, तो यमापासनं काय वाचवणार?" मंडळी हसत. रूथबाई मान खाली घालून निघून जाई.

त्या साली गावात प्लेग आला. पाटलांनी दवंडी पिटवली: सर्वांनी माळावर झोपड्यांत राहायचे, ज्याला प्लेगची गाठ येईल त्याने मात्र गावातच थांबायचे. तिसऱ्याच दिवशी गाठ आली ती पाटलांच्या आईला. म्हातारी बारा वर्षांपासून दोन्ही डोळ्यांनी आंधळी. पाटलांनी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि ते मागे न पाहता माळावर आले. "नियम तो नियम. पाटलाची आई म्हणून काय झालं?" असे ते ज्याला त्याला सांगत. पण मनातून ते किती घाबरले होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

शांतवनबाबा गावातच राहून रोग्यांची सेवा करीत होते. रूथबाई त्यांच्याकडे आली.

"बाबा, म्हातारी एकटी पडलीय. जावं वाटतं, पण पाय उचलंना. माझी श्रद्धाच कमी असंल."

बाबा म्हणाले, "बाई, क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत प्रभूलाही घाम फुटला होता. भीती वाटली म्हणून श्रद्धा सरत नाही. भीतीसकट जा. तो तुझ्या आधी तिथं पोचलेला असेल."

रूथबाई थरथरत गेली. दोन दिवस ती म्हातारीच्या ओठांत पाणी सोडत आणि प्रार्थना करीत बसली. तिसऱ्या दिवशी गाठ फुटली, ताप उतरला. आणि प्रभूची करुणा पाहा! म्हातारीने डोळे उघडले आणि म्हणाली, "रूथे, तुझ्या लुगड्याचा काठ हिरवा आहे गं!"

रूथबाई धावतच वेशीवर आली आणि माळाकडे तोंड करून ओरडली. "पाटील, आईंना बरं वाटतंय! त्यांना दिसतंय! तुमचं तोंड बघायचं म्हणतात!"

पाटलांचे एक पाऊल पुढे पडले. पण भोवती माणसे होती, आणि मनात रोगाची भीती होती. ते मोठ्याने हसले. "ऐकलंत का? आंधळीला दिसतंय म्हणे! ताप हिच्या डोक्यात गेलाय."

चार दिवस रूथबाईने वेशीवर येऊन तीच हाक दिली. चौथ्या दिवशी पाटलांनी पाठ फिरवली.

पाचव्या दिवशी सकाळी स्वतः शांतवनबाबा वेशीवर आले. "पाटील," ते हळूच म्हणाले, "आई पहाटे गेल्या. झोपेतच. थकलेला जीव होता."

मग मात्र पाटील धावले. घरात आई शांत पहुडली होती. उशाशी पाटलांची जुनी बंडी घडी करून ठेवलेली. खांद्यावरची फाटलेली जागा बारीक, एकसारख्या टाक्यांनी शिवलेली होती.

"रूथे, ही तू शिवलीस?"

"नाही, पाटील. सुई ओवून देते म्हटलं, तर म्हणाल्या, मला दिसतंय. दौलू आला की घालील." रूथबाईने बंडीची घडी नीट केली. "दारात कुणी आलं की लगेच तिकडं बघायच्या."

पाटील आईच्या उशाशी खाली बसले. "बाबा, मी पहिल्याच हाकेला आलो असतो तर?"

"तर त्यांनी तुम्हाला पाहिलं असतं," बाबा म्हणाले. खोटे ते बोलत नसत. ते पाटलांच्या शेजारी जमिनीवर बसले. "आमचा प्रभूही मित्राच्या कबरेपाशी रडला होता, पाटील. रडा." बाबांचेही डोळे वाहू लागले.

दौलतराव पाटलांनी बाबांच्या पायांवर डोके ठेवले. मग ते रूथबाईकडे वळले. ती घाबरून मागे सरली, तरी त्यांनी तिच्यापुढे जमिनीला कपाळ टेकले.

"भित्रा मी होतो, माय," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी डोके वर उचलले नाही.