छडी आणि बूट

वाद्यं एकमेकांशी बोलायची, त्या काळची गोष्ट. एका बंदराच्या शहरात मोठा वाद्यवृंद होता. त्यातली सगळी व्हायोलिनं संचालकाच्या हातातल्या छडीकडे पाहून वाजत. एकदा त्यांच्या जोडीला समुद्रापलीकडून नाचाच्या वाद्यांचा ताफा आला. त्यात कोंगा नावाचा उंच ढोल होता आणि त्याचा सोबती खुळखुळा.

"माझ्याकडे बघून वाजायचं," छडीने बजावलं.

"आम्ही नाचणाऱ्यांचे पाय बघून वाजतो, बाई. काठीकडे बघायला आम्ही काय मदाऱ्याची माकडं?" कोंगा म्हणाला.

कार्यक्रमाला लोक खुर्च्यांवर ताठ बसले होते. एकही पाय हलेना. व्हायोलिनं सुरू झाली, पण कोंगा गप्पच. कुजबुज वाढली, तशी छडी वळून वळून कोंगाला खुणावू लागली.

तेवढ्यात खुळखुळा म्हणाला, "दादा, छडीच्या खाली बघ."

खाली संचालकाचे काळे बूट ठेका धरून नाचत होते. मग कोंगा असा घुमला की व्हायोलिनांनाही चेव चढला. पुढच्या रांगेतली एक आजी उठून नाचू लागली, तिच्यामागे रांगांमागून रांगा उठल्या. शेवटी खुर्चीवर कोणी उरलं नाही.

टाळ्या थांबेनात. छडीने वाकून विचारलं, "बुटांनो, कधीपासून नाचताय?"

"रोजच नाचतो, छडीबाई," बूट म्हणाले. "बघणारे आज आले."