मधले दोन निखारे

एकदा एक वृद्ध गृहस्थ नदीकाठच्या एका गावात राहत होते. कोळशावर भाजण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यांनी भाजलेल्या वांग्याची साल बोट लावताच सुटे आणि आत देठापर्यंत एक घास कच्चा निघत नसे. सगळे त्यांना आजोबा म्हणत.

त्या गावात पौष महिन्यात एक मेळा भरे. कुठल्या देवाचा नव्हे. भाजण्याचा नाद असलेली माणसं उन्हं कलली की आपापली शेगडी उचलून नदीच्या वाळूत येऊन बसत. कुणी कणसं आणी, कुणी रताळी, कुणी मासळी. खाणाऱ्यांपेक्षा भाजणारेच जास्त, असं गावातल्या बायका म्हणत आणि ते काही खोटं नव्हतं. नियम दोनच होते. रॉकेल वापरायचं नाही आणि भाजलेलं एकट्याने खायचं नाही. आता तसा मेळा भरत नाही. ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली, ते बोलता बोलता सारखे तळहात चोळत होते, समोर शेगडी असल्यासारखे.

आजोबांचा एक शिष्य होता. तीन हिवाळे तो त्यांच्या शेजारी बसून शिकला होता. कोळसा कसा रचायचा, ज्वाळा बसेपर्यंत जाळीला हात का लावायचा नाही, निखाऱ्यावर राखेची पातळ साय आली की आच कशी ओळखायची, हे सगळं त्याने आत्मसात केलं होतं. त्या वर्षी आजोबांचे हात थरथरू लागले. आपला हा शेवटचा मेळा, असं त्यांनी सांगून टाकलं आणि शेगडी शिष्यापुढे सरकवली. चिमटा मात्र स्वतःकडे ठेवला. तो लांब दांड्याचा लोखंडी चिमटा त्यांना त्यांच्या गुरूने दिला होता. तो आता कुणाकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिष्याला तर जरा जास्तच ठाऊक होतं.

"आज तू भाजायचंस," आजोबा म्हणाले. "मी खाईन. देठापर्यंत खाल्लं, तर चिमटा तुझा."

शिष्याने मन लावून शेगडी रचली. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाल्यामुळे कोरडा कोळसा थोडकाच होता. निखारे फुलले. त्याने चार वांगी जाळीवर ठेवली. आता वांगी उतरेपर्यंत नवा कोळसा घालता येणार नव्हता. घातला तर वांग्याला धूर धरतो. जी आच होती, तिच्यावरच सगळं पार पाडायचं होतं.

एवढ्यात शेजारी एक अनोळखी जोडपं येऊन बसलं. परगावचं. बाईच्या कडेवर दीड वर्षाचं मूल. नवऱ्याला या मेळ्याचं कुणीतरी सांगितलं असावं. त्याची शेगडी कोरी करकरीत होती आणि कोळसा सगळा सर्दावलेला. तो फुंकत होता, पंखा हलवत होता. धुराशिवाय काही निघत नव्हतं. मूल खोकू लागलं, मग रडू लागलं. बाईने पदर त्याच्या नाकाशी धरला.

पलीकडच्या शेगडीवर गुळाचे एक व्यापारी बसले होते. ते म्हणाले, "काय पाहुणे, डास पळवताय का आमचे?"

लोक हसले. पाहुणा कसनुसा हसला. बायको हळूच म्हणाली, "अहो, जाऊ या. त्याला दुपारपासून काही नाही पोटात. नुसतं रताळं मागतोय तो."

"पाच मिनिटं. पेटतंय आता."

"मघाशीही पेटतच होतं."

आजोबांनी शिष्याकडे पाहिलं. "अरे, विस्तव दे त्यांना थोडा."

शिष्य लगेच उठला. त्याने आजोबांकडून चिमटा घेतला, शेगडीच्या काठावरचे मोजून पाच निखारे वेचले आणि पाहुण्याच्या कोळशावर नेऊन ठेवले. "दादा, घ्या. मागायला संकोच करायचा नाही इथे."

"उपकार झाले तुमचे," पाहुणा म्हणाला.

व्यापाऱ्यांनीही मान डोलावली. "पाच दिले! आजोबा, पोरगं मनाने मोठं आहे हो."

शिष्य चिमटा आजोबांना परत देऊन बसला. त्याला बरं वाटत होतं. पण पलीकडे काय झालं, तर ते पाचही निखारे थोड्याच वेळात काळे पडले. पाहुणा पुन्हा फुंकू लागला. आपल्यालाच जमत नाही, अशी त्याची समजूत झाली आणि त्याने शरमेने मानही वर केली नाही. मूल रडतच होतं.

तेव्हा आजोबा उठले. थरथरत्या हातांनी त्यांनी जाळीची एक बाजू उचलली आणि शेगडीच्या अगदी मधोमध असलेले, वांग्यांच्या बरोबर खालचे, लालबुंद दोन मोठे निखारे चिमट्यात धरले.

"आजोबा!" शिष्य कळवळून म्हणाला. "ते नको. अजून देठाकडची बाजू व्हायची आहे. मी काठावरचे आणखी देतो. दहा देतो."

दोन निखारे आजोबांनी पाहुण्याच्या शेगडीत एकमेकांना चिकटवून ठेवले, भोवती कोळशाचे बारके तुकडे रचले आणि म्हणाले, "आता फुंकू नका. नुसता पंखा. सावकाश."

थोड्या वेळाने कोळशाची एक कड लाल झाली. मग दुसरी. बाईने रताळं ठेवलं.

आजोबा परत येऊन बसले, तेव्हा शिष्याचा चेहरा उतरला होता. वांग्यांखाली मधोमध एक काळा खळगा पडला होता. तो इकडून तिकडून निखारे सारत होता, पण गेलेली आच काही भरून येईना. शेवटी तो म्हणाला, "मधले काढले की हवा खेळते आणि उरलेले जास्त फुलतात, म्हणून काढलेत ना? त्यात काहीतरी युक्ती असेल."

"युक्ती कसली? आपली आच कमी झाली. तुझी वांगी देठाशी कच्ची राहणार."

"मग आजच का? माझा दिवस होता आजोबा."

आजोबा नदीकडे पाहत सांगू लागले.

"माझी आई मला कडेवर घेऊन एकदा माहेराहून परतत होती. बैलगाडीचा आस मोडला. परक्या गावात मुक्काम पडला. काडेपेटी भिजलेली. मला पेज करून द्यायची, तर विस्तव हवा. त्या काळी शेजारी एकमेकांच्या चुलीतून विस्तव नेत असत, पण तिथे आईला ओळखणारं कोण? तिने एका दारात खापर पुढे केलं. आत एक बाई भाकरी टाकत होती. तिने तव्याखाली हात घातला आणि मधला निखारा काढून दिला. आई म्हणाली, अहो, बाजूचा द्या की, तुमची भाकरी कच्ची राहील. ती म्हणाली, बाजूचा तुमच्या मुक्कामापर्यंत जगायचा नाही. आई ते शेवटपर्यंत सांगत असे. त्या बाईचं नाव तिला कधी कळलं नाही. तिने त्या रात्री कच्ची भाकरी खाल्ली असणार, एवढंच आईला कळलं होतं."

मग ते शिष्याकडे वळले.

"तू पाच दिलेस, मी दोन. तुझे मोजायला जास्त होते. पण ते देताना तुझ्या वांग्याला काही कळलं का? जे आपल्याला लागतच नाही, ते आपण देत नसतो लेका, बाजूला काढत असतो. त्यात वाईट काही नाही. पण घेणाऱ्याला ते पेटत नाही, आणि त्याला वाटतं, दोष आपल्याच फुंकरीचा."

शिष्य पुन्हा निखारे सारू लागला. पटलं होतं असं नाही. राग गिळायलाही वेळ लागतोच.

वांगी उतरली. आजोबांनी एक हातात घेतलं, साल काढली आणि खाऊ लागले. सगळे पाहत होते. देठापासून बोटभर अंतरावर ते थांबले आणि उरलेला कच्चा तुकडा त्यांनी पानावर ठेवला.

"मग आजोबा, चिमटा?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

"कच्चं आहे," आजोबा म्हणाले.

शिष्याने मान खाली घालून आवराआवर सुरू केली. तीन हिवाळे त्या बोटभर तुकड्यात गेले होते.

सूर्य टेकला होता. पाहुण्यांचं मूल तोंडभर रताळं माखून आईच्या मांडीवर पेंगत होतं. तेवढ्यात त्यांच्या पलीकडे उशिरा आलेली एक म्हातारी आपली मातीची शेगडी पुढे करून म्हणाली, "बाबा, विस्तव आहे का रे?"

पाहुणा गडबडून उठला. त्याने जाळी उचलली. जाळीवर त्याच्या बायकोचं कणीस अजून अर्धं व्हायचं होतं. काठावर निखारे होते. पण त्याचा हात तिकडे गेलाच नाही. त्याने सरळ मधले दोन उचलले आणि म्हातारीच्या शेगडीत एकमेकांना चिकटवून ठेवले.

"अहो, माझं कणीस!" बायको म्हणाली.

"असेच देतात इथे," तो म्हणाला. "मघाशी पाहिलंस ना?"

शिष्याचे हात थांबले. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा विस्तव दिला होता, आणि तो जसा मिळाला तसाच दिला होता. आधीचे पाचच निखारे त्याच्या वाट्याला आले असते, तर आज तो काय शिकून घरी गेला असता?

शिष्य आजोबांजवळ जाऊन वाळूत बसला.

"आजोबा, ते पाच निखारे मी पाहून निवडले होते. विझत आलेले. मला माहीत होतं."

"हं," आजोबा म्हणाले. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठताना चिमटा त्याच्या हातात दिला. "हा धर जरा. निखारे उघडे टाकून जायचं नाही. नीट पुरून ये."

शिष्याने एकेक निखारा वाळूत पुरला. तोवर आजोबा काठ चढून घराच्या वाटेला लागले होते. चिमटा त्यांनी त्या दिवशी परत मागितला नाही, आणि पुढेही कधी नाही.

माझ्या दाराशी मुलीच्या जुन्या खेळण्यांची एक पिशवी कुणाला तरी द्यायची म्हणून चार दिवस बांधून ठेवली आहे, आणि तिच्यातली एकही वस्तू गेल्याचं आमच्या घरात कुणाला कळणार नाही. आज त्या पिशवीची गाठ पुन्हा सोडून बसले आहे.