माशाच्या पोटावरच्या पाच रेघा

गावामागच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारात, एक भलामोठा मासा कोरलेला होता. तो कुणी कोरला, कधी कोरला, कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकू घाडी एवढंच जाणत होता, की दरसाल पेरणीआधी तिथं जायचं, चपला काढायच्या आणि नारळ ठेवायचा.

मग खेडेकरशेठनी सडा विकत घेतला. जेसीबी लावून कातळ फोडला आणि तिथं हॉटेल उभं केलं. मासा मात्र एका फोटोवरून भिंतभर रंगवून घेतला, अगदी आधुनिक पद्धतीनं. उद्घाटनाला शोभा म्हणून म्हाताऱ्या धाकूलाही बोलावलं. तो सवयीनं नारळ घेऊन आला.

चित्रातल्या माशाच्या पोटावर पाच सोनेरी रेघा झळकत होत्या.

"ह्या रेघा म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कोरलेला पाऊस!" शेठ पाहुण्यांना म्हणाले. "हा मासा कुणी कोरला, ते भल्याभल्या पंडितांना सांगता आलं नाही. काय रे धाकू, तू सांगतोस?"

पाहुणे खो खो हसले.

"मासा कुणी कोरला ता माका ठावूक नाय," धाकू म्हणाला. "पण ह्या रेघा ओढल्या तेव्हा मी थयच उभा होतो. गेल्या शिमग्यानंतर तुमच्या जेसीबीच्या दातांनी ओढल्या, शेठ. फोटो त्याच्यानंतर काढलात."

हशा जागच्या जागी विरला. शेठचं तोंड एवढंसं झालं.

जिंकलेला धाकू बाहेर माशाच्या जागी आला, चपला काढल्या आणि नारळ ठेवायला वाकला. पायाखाली नुसत्या चकचकीत फरशा होत्या.